वाटीचे चार हजार, बिलाचे अडीच लाख

गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च विचारायला गेलं की काउन्सेलर मॅडम एक छापील कागद पुढे सरकवतात. त्यावर जनरल, ट्विन शेअरिंग, सिंगल, डिलक्स असे रकाने असतात. खाली 'रोबोटिक असल्यास जादा' आणि त्याहून खाली बारीक टायपात 'इम्प्लांट वेगळे' किंवा 'इम्प्लांट धरून'. मुलगा रकाने बघतो, सून सोबतच्या माणसाला झोपायची सोय आहे का ते विचारते, आणि ज्यांचा गुडघा दुखतोय त्या आजी 'काय ते लवकर ठरवा' म्हणून गप्प बसतात. गुडघ्याच्या वाटीचं नाव त्या अर्ध्या तासात एकदाही निघत नाही. सहा महिन्यांनी जिना उतरताना आजींच्या तोंडून 'आई गं' निघणार की नाही, यात मात्र खोलीच्या रकान्यापेक्षा त्या वाटीचा हात जास्त असतो.

आधी एकूण आकडा सांगून टाकू. मुंबई-पुण्याच्या मोठ्या खाजगी रुग्णालयात एका गुडघ्याला साधारण दोन ते साडेतीन लाख, कॉर्पोरेट साखळीत वरची खोली घेतली तर आणखी जास्त. मिरज, कोल्हापूर, नाशिकसारख्या ठिकाणच्या चांगल्या अस्थिरोग रुग्णालयात सव्वा ते दोन लाखांत काम होतं. रोबोट आला की पन्नास हजारांपासून लाखापर्यंत चढ. हे बाजारातले ढोबळ आकडे आहेत, घासाघीस होते आणि 'दोन्ही गुडघे एकदम' म्हटलं की सवलतही निघते. ती सवलत खोली, भूल आणि ऑपरेशन थिएटरवर असते, इम्प्लांट दोन लागणारच. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या माणसाने पैसे वाचतात म्हणून दोन्ही एकदम करू नयेत. तो निर्णय भूलतज्ज्ञाचा आहे, काउन्सेलरचा नाही.

या सगळ्यात सरकारने भाव बांधून दिलेली एकच मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे इम्प्लांट. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरण, म्हणजे एनपीपीए, याने गुडघ्याच्या इम्प्लांटला कमाल किंमत लावली. तोवर कोबाल्ट-क्रोमियमचा नेहमीचा संच सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जात होता, तो ५४,७२० वर आला. हा आकडा चार तुकड्यांचा मिळून आहे. मांडीच्या हाडाच्या टोकावर बसणारा धातूचा भाग २४,०९०, नडगीच्या हाडावरची धातूची बैठक १६,९९०, दोहोंमधली प्लास्टिकची गादी ९,५५० आणि वाटीच्या आतल्या बाजूला चिकटवायचं प्लास्टिकचं बटण ४,०९०. जीएसटी वेगळा. हे मूळ आदेशातले आकडे आहेत. त्यानंतर मुदतवाढीचे आणि दुरुस्तीचे आदेश निघत आले आहेत, तेव्हा भरती होण्याच्या आठवड्यात एनपीपीएच्या संकेतस्थळावर चालू भाव बघून घ्यावा.

आता गंमत अशी, की आपल्याकडे पुष्कळ ऑपरेशनांत ते चौथं बटण लावतच नाहीत. वाटी आहे तशी ठेवतात, फार तर कडेची वाढलेली हाडं तासून ती गुळगुळीत करतात. मग बिलात त्याचे पैसे लागता कामा नयेत. संचाची बेरीज ५४,७२० नव्हे, ५०,६३० व्हायला हवी. बिलावर 'नी इम्प्लांट सेट' अशी एकच ओळ असली की हे कळायला मार्ग राहत नाही. एनपीपीएच्या आदेशानुसार रुग्णालयाने इम्प्लांटची किंमत वेगळी दाखवायची असते, सोबत ब्रँड, उत्पादक किंवा आयातदार आणि बॅच क्रमांक द्यायचा असतो. प्रत्येक तुकड्याच्या डब्यावर चिकटपट्ट्या असतात आणि त्यातली एक केस पेपरवर डकवलेली असते. डिस्चार्जच्या दिवशी त्या मोजा. तीन असतील तर बटण लावलेलं नाही, चार असतील तर लावलंय. हाडाचं सिमेंट आणि करवतीचं पातं या ओळी वेगळ्या असतात, सिमेंटच्या पट्टीला इम्प्लांट समजू नका.

बटण लावायचं की नाही

हा प्रश्न चार हजारांचा नाही. गुडघे बदलले म्हणजे वाटीही बदलली असं घरोघरी समजतात. प्रत्यक्षात वाटी काढून टाकत नाहीत. लावायचंच ठरलं तर तिची आतली झिजलेली बाजू कापून तिथे बटण बसवतात. जगभरातल्या डॉक्टरांचं यावर एकमत नाही. अमेरिकेत बहुतेक रुग्णांना बटण लावतात, स्वीडनमध्ये फारच थोड्यांना. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पहिल्यांदा गुडघा बदलणाऱ्यांना बटणाचा पर्याय द्यावा असं म्हटलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत बटण लावलेल्या गुडघ्यांवर पुन्हा ऑपरेशन करण्याची वेळ कमी आलेली दिसते. याचा एक भाग साधा आहे. बटण नसलेला गुडघा पुढून दुखत राहिला की 'आता बटण लावून बघू' हा मार्ग डॉक्टरांपाशी शिल्लक असतो, म्हणून तिथे दुसरं ऑपरेशन होतं. बटण आधीच असेल तर तो मार्गच उरत नाही.

आपल्याकडचे सर्जन हात आखडता घेतात त्यालाही कारण आहे. आपल्या बायकांची वाटी बरेचदा लहान आणि पातळ असते. कापल्यावर साधारण १२ मिलिमीटर हाड उरायला हवं, त्याहून पातळ राहिलं तर पुढे वाटी तडकण्याची भीती. म्हणून बरेच जण वाटीची झीज, तिची जाडी आणि संधिवाताचा प्रकार बघून ठरवतात. आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड असेल तर बटणाकडे कल जास्त. 'मी सरसकट लावतो' म्हणणारा सर्जन चांगला आणि 'गरज पाहून लावतो' म्हणणाराही चांगला. 'ते तुम्ही माझ्यावर सोडा' एवढंच उत्तर मिळालं तर मात्र दुसऱ्या डॉक्टरांची आठशे-हजाराची फी खुशाल खर्च करावी.

वाटी कुठे बसली

बटण असो वा नसो, वाटी नव्या गुडघ्यावर कुठून कशी सरकते हे जास्त महत्त्वाचं. मांडीचा मोठा स्नायू वाटीला धरतो, वाटीखालचा जाड पट्टा नडगीला धरतो आणि मधे वाटी मांडीच्या हाडावरच्या खोबणीतून वर-खाली होते. रहाटाच्या चाकावरून दोरी जावी तसं हे काम आहे, दोरी खोबणीतून कडेला सरकली की करकर सुरू. भारही थोडाथोडका नाही. सपाट चालताना वाटीमागे शरीराच्या वजनाच्या साधारण निम्मा दाब पडतो, जिना चढताना तिपटीहून थोडा जास्त, उकिडवं बसताना सात-आठ पट. गुडघा बदललेला माणूस अंगणात मजेत फिरतो आणि जिन्यापाशी थबकतो, त्याचा उलगडा या आकड्यांत आहे.

वाटी चुकीच्या जागी जाते ती मुख्यतः तीन प्रकारांनी. मांडीच्या हाडावरचा धातूचा भाग आतल्या बाजूला फिरून बसला तर खोबणीही फिरते आणि वाटी बाहेरच्या बाजूला ओढली जाते. तो भाग बहुतेक सर्जन हाडाच्या मागच्या रेषेशी तीनेक अंश बाहेर फिरवून बसवतात. ते दोन-चार अंश चुकले तर एक्स-रे समोरून अगदी झकास दिसतो आणि रुग्ण मात्र तक्रार करत राहतो. दुसरा प्रकार जाडीचा. बटण बसवल्यावर वाटी मूळच्यापेक्षा जाड झाली की पुढचा भाग ताठ भरल्यासारखा होतो आणि गुडघा वाकायला कुरकुरतो. सर्जन कापण्याआधी आणि बटण बसवल्यावर कॅलिपरने जाडी मोजतात ती यासाठी. तिसरा प्रकार उंचीचा. सांध्याची रेषा वर सरकली किंवा वाटीखालचा पट्टा व्रणामुळे आखडला तर वाटी खाली बसते. मग गुडघा पुरता वाकत नाही, खुर्चीतून उठताना पुढून कळ येते.

ऑपरेशन टेबलावर याची एक फुकटची परीक्षा असते. टाके घालण्याआधी सर्जन गुडघा पूर्ण वाकवतो, सरळ करतो, पुन्हा वाकवतो, आणि वाटीला अंगठ्याने आत न दाबता ती आपली आपण खोबणीत राहते का ते बघतो. राहिली तर ठीक. बाहेर कलंडली तर आधी धातूचा भाग बरोबर फिरवला आहे का हे तपासायचं, आणि मग लागलाच तर बाहेरच्या बाजूचा घट्ट पडदा थोडा सैल करायचा. याला दोन मिनिटं लागतात आणि बिलावर त्याची ओळ नसते. तुम्ही हे बघायला तिथे नसणार. पण 'वाटी कशी सरकते ते टाके घालण्याआधी बघता ना?' असं आधीच्या भेटीत विचारायला काही हरकत नाही. चांगला सर्जन अशा प्रश्नाने चिडत नाही, उलट कागदावर पेनने चित्र काढून दाखवतो.

तुमच्या हातात असलेली वस्तू म्हणजे एक्स-रे. बहुतेकांच्या फाइलीत दोनच असतात, उभं राहून समोरून आणि बाजूने. तिसराही काढायला सांगा, 'स्कायलाइन व्ह्यू'. गुडघा वाकवून वाटीच्या दिशेने काढलेला हा फोटो तीनशे ते सहाशे रुपयांत निघतो. त्यात वाटी खोबणीच्या मधोमध आहे की बाहेर झुकली आहे ते साध्या डोळ्यांना दिसतं: खाली दरीसारखी खोबण, तिच्यावर टेकलेली वाटी. हा एक्स-रे ऑपरेशनआधी एक आणि नंतर पहिल्या-दुसऱ्या तपासणीला एक, असे दोन असावेत. बाजूच्या एक्स-रेवर डॉक्टर वाटीखालच्या पट्ट्याच्या लांबीला वाटीच्या लांबीने भागतात. तो एकच्या आसपास असावा. ०.८ च्या खाली गेला तर वाटी खाली बसलेली समजतात, १.२ च्या वर गेला तर उंच.

एक्स-रे हातात आला म्हणून लगेच धास्तावू नका. वाटी किंचित तिरकी दिसणारे कितीतरी लोक मजेत जिने चढतात, आणि फोटो सुरेख असलेले काही जण कुरकुरत असतात. थोड्या तिरपेपणाचा दुखण्याशी थेट संबंध नेहमीच लागत नाही. वाटी खोबणीतून बाहेर घसरणं किंवा फार खाली बसणं यांचा मात्र लागतो. गुडघा बदललेल्या पाचांतला साधारण एक जण पूर्ण समाधानी नसतो असं पाश्चात्य देशांतल्या पाहण्यांत दिसत आलं आहे. त्या नाराजीला एकटी वाटी जबाबदार नाही. मांडीचा अशक्त स्नायू, पाठीतून आलेली कळ आणि 'आता मी मांडी घालून पंगतीला बसेन' ही अपेक्षाही असते. गुडघ्यांवर टेकून बसणं तर वाटी उत्तम बसली तरी अनेकांना जमत नाही.

जास्तीचे पैसे कुठे जातात

रोबोटबद्दल विचारणा सर्वांत जास्त होते म्हणून थोडक्यात. रोबोट हाडाचे काप आखल्याप्रमाणे अचूक घ्यायला मदत करतो, ऑपरेशन मात्र सर्जनच करतो. अचूक कापामुळे दहा वर्षांनी रुग्ण जास्त सुखी असतो असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. वर्षाला शेकड्याने गुडघे करणारा सर्जन बिनारोबोटचा आणि नवशिका रोबोटसह, यांत माझे पैसे पहिल्याकडे जातील. 'गोल्ड नी' हा दुसरा मोह. त्यात सोनं नसतं, धातूवर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी थर असतो. निकेलची खरी ॲलर्जी असलेल्यांना त्याचा विचार करता येतो, बाकीच्यांना रंगासाठी वीस-पंचवीस हजार मोजायचं कारण नाही. २०१७ च्या आदेशात टायटॅनियम आणि ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या संचाची मर्यादा सुमारे ७६,६०० होती. त्याच्या कितीतरी वर कोणी सांगत असेल तर लेखी मागा. 'हाय-फ्लेक्स', म्हणजे जास्त वाकणाऱ्या संचाची मर्यादा ५६,४९० होती, म्हणजे साध्या संचापेक्षा पावणेदोन हजार जास्त. जाहिरातीत मात्र हा फरक मांडी घालून बसलेल्या आजोबांच्या फोटोएवढा मोठा दिसतो.

खोलीत पैसे कसे गळतात ते विमा असलेल्यांना कळलंच पाहिजे. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला एक टक्क्याची मर्यादा असेल तर रोजचे ५,००० मिळतात. तुम्ही ८,००० ची खोली घेतली. वाटतं, रोजचे तीन हजार जास्त, चार दिवसांचे बारा. पण कंपनी सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग हे सगळं पाचास आठ या प्रमाणात कापते. त्या ओळींची बेरीज १,२०,००० असेल तर ७५,००० मिळतात, ४५,००० तुमच्या खिशातून. मिळून ५७,००० झाले. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांवर अशी प्रमाणात कपात करता येत नाही, विमा नियामक आयआरडीएआयचा तसा नियम आहे. कपात झाली असेल तर विमा कंपनीचे दावे बघणाऱ्या टीपीएला लेखी पत्र द्या. झिजेमुळे होणाऱ्या सांधेबदलाला बहुतेक पॉलिसींत दोन ते तीन वर्षं थांबावं लागतं, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी बघा.

विमा नसेल तर रस्ते आहेत. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान वय वंदना कार्डावर पाच लाखांचं संरक्षण मिळतं, ही सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. गुडघेबदल तुमच्या भागात कोणत्या रुग्णालयात योजनेतून होतो ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, कारण योजनेत नाव असलेलं प्रत्येक रुग्णालय प्रत्येक ऑपरेशन करत नाही. केईएम, जेजे, ससून इथे गुडघे बदलतात, रांग असते पण हात तयार असतात. गोव्याच्या मंडळींनी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ) आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना यांची चौकशी करावी. आणि धर्मादाय रुग्णालय विसरू नका. तिथे दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,०००. दुर्बल घटकांतल्या रुग्णाला इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदीच्या भावाने लावायचं असतं. तहसीलदारांचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन समाजसेवा विभागात जा. रिसेप्शनवर विचारलंत तर बहुधा 'खाट रिकामी नाही' एवढंच ऐकायला मिळेल.

घरी आल्यावरचा खर्च

हा पॅकेजच्या कागदावर नसतो. वॉकर हजार-दोन हजार, कमोडची उंची वाढवणारी खुर्ची तेवढीच, रक्त गोठू नये म्हणून औषधं. फिजिओथेरपिस्ट घरी यायचे पाचशे ते हजार घेतात. दीड महिन्यात वीसेक वेळा आले तरी दहा ते वीस हजार होतात. इथे हात आखडू नये. तीन लाखांचं ऑपरेशन करून फिजिओला पाचव्या दिवशी 'आता आम्ही करून घेऊ' म्हणून निरोप देणारी घरं मी पुष्कळ पाहिली आहेत. मग दीड महिन्याने गुडघा ऐंशी अंशांवर अडलेला असतो.

फिजिओ जे करतात त्यातलं एक काम थेट वाटीचं आहे. टाके निघून जखम भरली की पाय सैल सोडून वाटी अंगठा आणि बोटांत धरतात आणि हळूहळू वर-खाली, डावी-उजवी सरकवतात. चिकटून बसलेला भाग मोकळा राहावा आणि खालचा पट्टा आखडू नये म्हणून. ते तुम्हालाही शिकवतील, दिवसातून तीन-चार वेळा पाच मिनिटं. सोबत गुडघ्यामागे टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळत गुडघा खाली दाबायचा व्यायाम, तो वाटीला ओढणारा स्नायू जागा करतो. गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नये. आराम वाटतो, पण गुडघा सरळ व्हायचा राहतो.

गुडघ्याभोवती लाली आणि ताप, किंवा पोटरी सुजून दुखणं, यांना थांबायचं नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. जिना उतरताना पुढून कळ, उठताना 'टक्' आवाज किंवा वाटी घसरल्यासारखी वाटणं हे तीन-चार महिन्यांनंतरही कायम असेल तर सर्जनकडे जाऊन स्कायलाइन एक्स-रे मागा. त्यात काही नसेल आणि दुखणं असेल तर आधी जंतुसंसर्ग नाही ना हे रक्ततपासणीने बघतात आणि मग धातूचा भाग कितपत फिरला आहे ते सीटी स्कॅनवर मोजतात. हे सगळं न करता 'आता बटण लावू' म्हणणाऱ्यापासून सावध. नंतर लावलेल्या बटणाने बरं वाटेलच याची खात्री नसते, आणि भूल, थिएटर, खोली हा खर्च पुन्हा पहिल्यापासून येतो. धातूचा भागच काढून नवा बसवायची वेळ आली तर २०१७ च्या आदेशात त्या संचाची मर्यादा १,१३,९५० होती.

इम्प्लांटला बांधलेल्या भावापेक्षा जास्त लावलं असेल तर तक्रार एनपीपीएच्या फार्मा जन समाधानवर करता येते, त्यासाठी सुटं बिल लागतं. केस पेपरवरच्या त्या चिकटपट्ट्यांचा फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका, छापून फाइलीत लावा. पुढे पंधरा-वीस वर्षांनी फक्त मधली गादी बदलायची ठरली तर नव्या सर्जनला त्याच कंपनीची, त्याच मापाची गादी लागते. ती माहिती नसेल तर चांगला बसलेला धातूही काढावा लागू शकतो.